नव्या गुरुजींच्या शेजारी कोण बसणार?

शिक्षक भरतीवरून आपल्याकडे केवढे रान उठते! किती जागा, कोणती बिंदुनामावली, स्थानिक की परजिल्ह्यातला, पवित्र पोर्टलची पुढची यादी कधी, यावर मोर्चे निघतात, जिल्हा परिषदेच्या दारात उपोषणे होतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. यादी लागते, आदेश हातात पडतो, आणि त्या क्षणी सगळ्यांचा रस संपतो. आदेश घेऊन ती तरुणी किंवा तो तरुण ज्या वर्गात जाऊन उभा राहतो तिथे त्याच्या शेजारी कोणीही नसते, याबद्दल मात्र कुठे चकार शब्द ऐकू येत नाही. माझे मत स्पष्ट आहे. प्राथमिक शाळेची सगळ्यात मोठी हानी नव्या शिक्षकाच्या पहिल्या आठवड्यात होते, आणि ती सरकार स्वतःच्या हाताने करते.

मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होतो. संगमेश्वर आणि लांजा तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर नोकरी झाली. निवृत्त झालो तरी आसपासच्या शाळेत नवे बाई किंवा गुरुजी आले की भेटायला जातो, बसतो, बोलतो. म्हणून जे लिहितो आहे ते पाहून लिहितो आहे.

2023 साली आंतरजिल्हा बदल्यांनी या जिल्ह्यातले शेकडो शिक्षक थोड्याच दिवसांत आपापल्या जिल्ह्यांत निघून गेले. त्यांचा दोष नाही; वर्षानुवर्षे घरापासून लांब राहिलेली माणसे होती. पण त्यांच्या जागी येणारे कोणी नव्हते. शून्यशिक्षकी शाळा हा शब्द तेव्हा गावागावांत पोचला. पालकांनी शाळांना टाळे लावण्याचे इशारे दिले, केंद्रशाळेतला एखादा शिक्षक आज या वाडीत, उद्या त्या वाडीत पाठवला गेला. जुलै 2023 मध्ये शासनाने निर्णय काढला की नियमित शिक्षक येईपर्यंत निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपयांवर घ्यावे. पुढे 2024 मध्ये नव्या शिक्षणसेवकांच्या नेमणुका झाल्या आणि मंडणगडपासून राजापूरपर्यंत नव्या चेहऱ्यांची माणसे शाळांत आली. बीड, लातूर, परभणी, नांदेड, सोलापूर. कोकण कधी न पाहिलेली. जिल्ह्यातले डीएड झालेले तरुण रस्त्यावर उतरले, आम्ही इथले असताना बाहेरचे का, असे त्यांनी विचारले. त्यांचा प्रश्न रास्त होता. पण त्या भांडणात दोन्हीकडच्या लोकांची नजर एका गोष्टीवरून सुटली. स्थानिक असो की बाहेरचा, दोघांनाही मिळणारा पहिला आठवडा सारखाच बेवारशी आहे.

तो आठवडा कसा असतो ते सांगतो. समुपदेशनात शाळा मिळते. एसटी मोठ्या रस्त्यावर सोडते. पुढे पाखाडी उतरायची, वहाळावरचा साकव ओलांडायचा आणि पुन्हा चढ. पहिली ते चौथीचे वर्ग, पट पंधरा-सोळाच्या आसपास. मंजूर शिक्षक दोन असतात. त्यातले एक पद रिकामे असते किंवा त्यावरचा माणूस दुसऱ्या शाळेत कामगिरीवर गेलेला असतो. म्हणजे नवा माणूस रुजू अहवालावर सही करतो त्याच दिवशी शाळेचा चार्जही त्याच्या अंगावर पडतो. जनरल रजिस्टर, कॅशबुक, पोषण आहाराच्या तांदळाची शिल्लक, यू-डायसची माहिती, आधार न जुळणारी मुले, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त. मोबाइल तालुक्याच्या गटात जोडला जातो आणि माहिती मागणारे संदेश सुरू होतात, प्रत्येकावर ‘तात्काळ’ लिहिलेले. रेंज हवी असेल तर सड्यावर जाऊन उभे राहावे लागते. त्या वेळात खाली वर्गात चार इयत्तांची मुले आपापल्या पाट्या घेऊन बसलेली असतात.

लातूरकडून आलेल्या एका तरुण शिक्षिकेने मला विचारले, “सर, पहिलीचं पोर रडायलं, चौथीचे दोघं भांडायलेत, आणि तिसरीला गणित द्यायचंय. मी आधी कुणाकडं बघू?” तिने डीएड चांगल्या गुणांनी केले होते. अभियोग्यता चाचणीत वरचे गुण होते. तरी तिला हा प्रश्न पडला, कारण तो पडावा असा वर्ग तिला आयुष्यात कुणी दाखवलाच नव्हता. यात तिचा काडीचाही दोष नाही. दोष तिला तिथे एकटी उभी करणाऱ्यांचा आहे.

आता प्रशिक्षणाकडे येतो, कारण प्रशिक्षण होत नाही असे म्हटले की अधिकारी लगेच फायली काढतात. प्रशिक्षणे होतात, भरपूर होतात. पुण्याला राज्यस्तर, मग जिल्हास्तर, मग तालुकास्तर. वरच्या पातळीवर जे सांगितले गेले ते काही दिवस ऐकून आलेला सुलभक खाली येऊन पुढच्यांना सांगतो. प्रत्येक पायरीवर थोडे गळते, थोडे घाईत उरकले जाते. एका सभागृहात शे-दीडशे माणसे कोंबलेली, पडद्यावर अक्षरांनी भरलेल्या चौकटी, सकाळी हजेरीची लिंक, पूर्वचाचणीची लिंक, दुपारी अभिप्रायाची लिंक, शेवटी उत्तरचाचणी आणि प्रमाणपत्र. फोटो वर पाठवले जातात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची उद्दिष्टे, अध्ययन निष्पत्ती, मूल्यांकनाचे प्रकार, समग्र प्रगती पत्रक. विषय महत्त्वाचे आहेत, मी नाकारत नाही. पण त्या सभागृहात एकही मूल नसते. ज्या वर्गात त्याला उद्या उभे राहायचे आहे तसा वर्ग त्याला तिथे दिसत नाही. आपण शिकवताना कोणी पाहत नाही आणि दुसरा शिकवताना आपल्याला पाहायला मिळत नाही. पोहण्याच्या शिकवणीत कुणाला पाण्याजवळच नेले नाही, तर त्या शिकवणीला काय म्हणायचे? प्राथमिक शिक्षकाच्या बाबतीत आपण तेच करतो आणि त्याला क्षमतावृद्धी म्हणतो.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक बोलतात. प्रशिक्षणाचे हे वर्ग बहुतेक शाळेच्या दिवसांतच भरतात. एकशिक्षकी झालेल्या शाळेचा शिक्षक प्रशिक्षणाला गेला की ती शाळा शेजारच्या गुरुजींच्या भरवशावर राहते किंवा बंदच राहते. मुलांचा आठवडा गेला आणि शिक्षकाच्या हातात प्रमाणपत्र आले. हा व्यवहार मला मान्य नाही.

रत्नागिरीतल्या नव्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यात नेमके काय हवे असते? बहुवर्ग अध्यापन. या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोन हजारांहून अधिक प्राथमिक शाळा आहेत आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येने शाळा कमी पटाच्या, द्विशिक्षकी आहेत. माणसे मुंबईला गेली, घरात म्हातारी उरली, वाड्या पांगलेल्या, एका वाडीतून दुसरीत जायला मध्ये डोंगर. अशा ठिकाणी चार इयत्ता एका खोलीत बसणे हे संकट नाही, इथले ते रोजचे वास्तव आहे. आणि ते उत्तम रीतीने निभावता येते. वजन हा विषय घ्या. पहिलीच्या मुलाच्या एका हातात दगड, दुसऱ्या हातात सुके पान. जड कोणते, हलके कोणते. दुसरीतले मूल तराजूच्या एका पारड्यात वही ठेवून दुसऱ्यात चिंचोके टाकते आणि मोजते. तिसरीतले किलो आणि अर्धा किलोची वजने हाताळते. चौथीतली मुले किराणा दुकानाच्या यादीवरून किलो-ग्रॅमची बेरीज करतात. तराजू एकच, इयत्ता चार. पण एका गटाला काम देऊन दुसऱ्याकडे वळल्यावर पहिला गट किती वेळात विस्कटतो, कोणत्या मुलाला गटप्रमुख केले तर तो दादागिरी करतो आणि कोणाला केले तर खरेच शिकवतो, पहिलीतल्या मुलाला पहिले काही दिवस पुस्तक उघडायलाच लावू नये, हे कोणत्याही चौकटीत लिहून देता येत नाही. ते बघून येते.

जुलैतला पाऊस घ्या. पत्र्यावर असा कोसळतो की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. पावसाची सर येताना दिसली की जुना शिक्षक तोंडी काम थांबवतो. चित्र, लेखन, मण्यांची मोजणी सुरू करतो. पऱ्या भरला की पलीकडच्या वाडीतली मुले वेळेआधी सोडायची आणि त्यांच्यासोबत कोणाला पाठवायचे हे त्याने जूनमध्येच पालकांशी बोलून ठरवलेले असते. नव्या माणसाला हे कोण सांगणार? इथली मुले घरी जी बोली बोलतात ती परभणीच्या शिक्षकाच्या कानाला नवी असते आणि त्याची बोली मुलांच्या कानाला. पहिलीतले पोर सांगते काय आणि गुरुजी ऐकतात काय. वाचनाचा पाया याच महिन्यांत घालायचा असतो.

माझ्या पहिल्या शाळेत एक ज्येष्ठ गुरुजी होते. ते कधीतरी वर्गाच्या मागे येऊन खाली बसायचे. मध्ये बोलायचे नाहीत. शाळा सुटल्यावर एवढेच विचारायचे, “आज कोणतं पोर दिवसभर गप्प होतं?” सुरुवातीला मला सांगता यायचे नाही. मग मी वर्गात बघायला शिकलो. त्या एका प्रश्नाने मला जे दिले ते नंतरच्या कोणत्याही प्रशिक्षणाने दिले नाही. तेव्हा कोकणात शाळांवर माणसे होती म्हणून हे नशिबाने घडले. आजच्या नव्या शिक्षिकेला ते नशीबही आपण ठेवलेले नाही.

कोणी म्हणेल, दोन वर्षांची पदविका घेऊन आले ना, मग आता आणखी काय शिकवायचे? त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर कडू आहे. डीएड महाविद्यालयांचे पीक या राज्यात कसे आले हे सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या 291 डीएड संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला आणि आयोगाने पाहणी केली तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य संस्था मान्यतेला पात्र नसल्याचे निघाले. 2012 सालच्या त्या अहवालाने देशभरातल्या शिक्षक-शिक्षणाची दुर्दशा मांडली. एवढे होऊनही पदविकेवर डोळे मिटून विश्वास टाकायचा असेल तर टाका, पण मग मुलांना वाचता येत नाही म्हणून शिक्षकांवर खेकसू नका.

दुसरे उत्तर काळाचे. मे 2012 मध्ये राज्याने शिक्षक भरतीवर बंदी घातली. पहिली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली, तिच्यावरच्या नेमणुका 2019 मध्ये. दुसरी चाचणी फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये आणि नेमणुका 2024 मध्ये. म्हणजे 2012 ला पदविका घेतलेला विशीतला मुलगा 2024 ला वर्गात पाऊल ठेवताना तिशी ओलांडून गेलेला आहे. मधल्या बारा वर्षांत त्याने शेती केली, दुकानात हिशेब लिहिले, खासगी शिकवण्या घेतल्या, स्पर्धा परीक्षांच्या खोल्यांत रात्री काढल्या. सराव पाठ त्याने कधी घेतले होते? एका तपापूर्वी. त्याच्या त्या बारा वर्षांना सरकार जबाबदार आहे. निदान आता वर्गात येताना त्याला हात द्यायचा, तर तेही नाही.

नव्या शिक्षकाला असा हात जपान देते. मी जपानचा भक्त नाही. तिथले माध्यमिक शिक्षक आठवड्याला सरासरी 56 तास काम करतात, असे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या 2018 सालच्या पाहणीत निघाले आणि पाहणीतल्या सगळ्या देशांत तो आकडा सर्वांत जास्त होता. ते उचलायचे नाही. पण नव्या शिक्षकाचे काय करावे हे त्यांनी चाळीसएक वर्षांपूर्वी कायद्याने ठरवले. 1988 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, 1989 पासून प्राथमिक शाळांत अंमल सुरू झाला आणि पुढच्या तीन वर्षांत तो इतर शाळांपर्यंत गेला. सार्वजनिक शाळेत नेमलेल्या प्रत्येक शिक्षकाला पहिले पूर्ण वर्ष प्रशिक्षण. त्यासाठी घालून दिलेले प्रमाण असे होते: शाळेतच मार्गदर्शक शिक्षकाबरोबर आठवड्याला किमान 10 तास, वर्षाला किमान 300 तास, शिवाय शाळेबाहेर प्रशिक्षण केंद्रात वर्षाला 25 दिवस. एप्रिलच्या पहिल्या तारखेला नेमणूक होते, आठवडाभरात शाळा भरते आणि तिथल्या नव्या शिक्षकालाही वर्ग लगेच मिळतो. त्याला थांबवून ठेवत नाहीत. फरक इतकाच की त्या वर्गात त्याचे शिकवणे बघायला, त्याची तयारी तपासायला आणि स्वतः शिकवून दाखवायला नेमलेला माणूस त्याच शाळेत असतो. 2003 पासून त्यांनी आणखी एक सोय केली: एक अनुभवी शिक्षक आसपासच्या शाळांतल्या चार नव्या शिक्षकांकडे फिरतो आणि तेच त्याचे काम असते.

त्यांचा नवा शिक्षकही वर्षभर अटीवर असतो. ते वर्ष निभावले नाही तर नोकरी जाऊ शकते. पण त्या वर्षात त्याला नियमित पगार असतो आणि शिकवणारा माणूस असतो. आता आपले बघा. 2000 साली आपण शिक्षणसेवक योजना आणली. तीन वर्षे मानधनावर काम, मग कायम. प्राथमिक शिक्षणसेवकाला सुरुवातीला महिना 3,000 रुपये, पुढे 6,000 आणि 2023 च्या जानेवारीपासून 16,000. तेही न्यायालयाने कान उपटल्यावर. पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी निघेपर्यंत तेवढेही हातात पडत नाही. या तीन वर्षांचे समर्थन काय दिले जाते? परिवीक्षा. परिवीक्षा म्हणजे कोणीतरी पाहिले पाहिजे, शिकवले पाहिजे, शेवटी निर्णय दिला पाहिजे. या जिल्ह्यातल्या किती शिक्षणसेवकांचा वर्ग तीन वर्षांत कुणी मागे बसून अखेरपर्यंत पाहिला? तपासणीला येणारा माणूस रजिस्टर तपासून जातो. शिकाऊ म्हणून पगार कापायचा आणि शिकवायला माणूस द्यायचा नाही, ही सरळ सरळ लूट आहे. मी शब्द जपून वापरतो आहे.

ज्या महाराष्ट्रात हे चालते तिथे 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले होते. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना महिना 12 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. त्या काळी मिळणाऱ्या तुटपुंज्या पगारावर चांगला शिक्षक मिळणार नाही, हे त्यांना दिसत होते. सावित्रीबाईंनीही अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतले. 3 जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार घालण्याचे परिपत्रक शाळेत पोचते. जोतीरावांनी प्रशिक्षित शिक्षकासाठी धरलेला आग्रह मात्र मंत्रालयात कोणाच्या टेबलावर पोचलेला नाही. लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत रत्नागिरीत शिक्षक होते, साने गुरुजी आणि महर्षी कर्वे दापोली तालुक्यातले, हे सांगताना आमची छाती फुगते. त्याच जिल्ह्यात शिक्षकाविना शाळा आणि शाळेत एकटा पडलेला शिक्षक, हे आम्ही खपवून घेतो.

खर्चाचे कारण मला सांगू नका. मार्गदर्शक म्हणून लागणारी माणसे या जिल्ह्यात बसून आहेत. 2023 मध्ये पदे भरून काढायला निवृत्त शिक्षकांना 20,000 रुपये द्यायला शासन तयार झाले. सप्टेंबर 2024 मध्ये तर कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एका शिक्षकाच्या जागी 15,000 रुपयांवर कंत्राटी माणूस बसवण्याचा निर्णय काढला. त्यावर राज्यभर शिक्षक रस्त्यावर आले आणि 2025 च्या सुरुवातीला तो मागे घ्यावा लागला. म्हणजे पैसा होता. तो नियमित शिक्षकाची जागा खाण्यासाठी वापरायचा होता. तोच पैसा नव्या शिक्षकाच्या शेजारी जुना शिक्षक बसवायला वापरा. ज्याने वीस-पंचवीस वर्षे बहुवर्ग शाळा चालवल्या, ज्याच्या हाताखालून गेलेली मुले वाचू लागली, असा माणूस निवडा. केंद्रप्रमुखाच्या मर्जीने नव्हे, गावाला आणि शिक्षकांना विचारून. त्याच्याकडे एका केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटातले, चार नवे शिक्षक द्या. राज्यात 4,860 केंद्रे आहेत. एका केंद्रातल्या शाळा एकमेकींपासून फार लांब नसतात. आठवड्यातला एक पूर्ण दिवस त्याने एका शाळेत घालवायचा. अर्धा दिवस स्वतः शिकवायचे आणि नव्याने बघायचे, अर्धा दिवस नव्याने शिकवायचे आणि त्याने बघायचे. शाळा सुटल्यावर तासभर बोलायचे. अहवाल नको, लिंक नको, फोटो नको.

आणि पहिले सहा महिने नव्या शिक्षकाकडे चार्ज देऊ नका. कॅशबुक आणि यू-डायस केंद्रशाळेने सांभाळावे. मतदार यादीचे काम, सर्वेक्षण, माहिती संकलन यातले काहीही त्याच्याकडे जाता कामा नये. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमात दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अपवादाची कामे आहेत. शासनाने ऑगस्ट 2024 मध्ये अशैक्षणिक कामांची वेगळी यादीही काढली. यादी काढून झाली, गटावरचे ‘तात्काळ’ तसेच चालू आहे.

डाएट म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. ती प्रत्येक जिल्ह्यात कशासाठी आहे? 1986 च्या राष्ट्रीय धोरणातून ती जन्मली, जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांना जिल्ह्यातच शैक्षणिक आधार मिळावा म्हणून. राज्यभर या संस्थांतली अध्यापनाची पदे रिकामी ठेवून त्यांना वरून आलेली पत्रे खाली पाठवणारी कचेरी करून टाकले. 2020 च्या धोरणाने शिक्षकाला वर्षाला 50 तास प्रशिक्षण सांगितले, मार्गदर्शनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा उल्लेख केला. 50 तास म्हणजे जपानने नवशिक्याला शाळेतच ठरवून दिलेल्या 300 तासांचा सहावा हिस्सा. तेवढा तरी वर्गात द्या. सभागृहात नको.

काही जण म्हणतात, बाहेरून आलेले शिक्षक टिकत नाहीत, त्यांचे मन इथे नसते, पहिल्या संधीला बदली मागतात. घराची ओढ कोणाला नसते? पण परक्या मुलखात, पावसात, चार इयत्तांपुढे एकटे उभे केलेल्या माणसाने त्या शाळेवर जीव लावावा, ही अपेक्षा करण्याचा अधिकार आपण गमावला आहे. ज्या शाळेने मला घडवले तिच्याविषयी मला ओढ आहे. ज्या शाळेत मी फक्त भांबावलो तिच्याविषयी ती कोठून येणार?

पालकांना माझे सांगणे आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकार 22 व्या कलमाने त्याच समितीला दिला आहे. आराखड्यात आपण कुंपण, पाण्याची टाकी, छपराची दुरुस्ती लिहितो. या वर्षी पहिली मागणी वेगळी लिहा: आमच्या शाळेत नवा शिक्षक आला तर त्याच्या पहिल्या आठवड्यापासून वर्षभर एक अनुभवी शिक्षक आठवड्यातून एक दिवस त्याच्याबरोबर वर्गात पाहिजे, आणि पहिले सहा महिने त्याच्याकडे चार्ज देऊ नये. समितीचा ठराव करा, ग्रामसभेत वाचा, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. दोन्हीकडून पोच घ्या आणि 15 जूनला शाळा उघडेल तेव्हा ती पोच घेऊन शाळेत हजर राहा.